पोटावरची पिशवी आणि पाळी

ऑपरेशनच्या आधी सहीसाठी जो कागद पुढे करतात त्यावर रक्तस्राव, जंतुसंसर्ग, भुलीचे धोके, पुन्हा पोट उघडावं लागण्याची शक्यता असं सगळं छापलेलं होतं. पाळीबद्दल एक ओळ नव्हती. नंतर पोटावरची पिशवी, म्हणजे मळ जिच्यात जमतो ती, कशी रिकामी करायची, कशी बदलायची, काय खायचं, किती वजन उचलायचं हे सिस्टरनी नीट शिकवलं. माझ्याकडून करून घेतलं, नवऱ्याकडूनही करून घेतलं. त्यातही पाळी नव्हती. पोटाच्या वॉर्डात ती कुणाच्याच खात्यात येत नाही. पुढे जे कळलं ते महिन्या-महिन्यानं, थोडं थोडं कळलं. आता वर्ष उलटून गेल्यावर ते एकत्र लिहून ठेवते आहे, कारण आमच्या भागात पिशवी असलेल्या बायका आहेत आणि त्यात पाळी येणाऱ्याही आहेत.

मी देवगड तालुक्यातली. घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. मुलगी झाल्यानंतर वर्षभरानं संडासवाटे रक्त पडायला लागलं. सुरुवातीला सगळ्यांनी मूळव्याध ठरवली आणि त्यावरचे गावठी उपाय झाले. मग दुर्बीण घालून तपासल्यावर अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून व्रण. गोळ्या, मग स्टिरॉइड, मग जास्त स्टिरॉइड. तोंड सुजलं आणि हातपाय काटक्या झाले. शेवटी एकदा दुखणं इतकं भडकलं की रात्री गाडी करून वैभववाडी, करूळ घाट, गगनबावडा करत कोल्हापूर गाठलं आणि तिथे मोठं आतडं काढावं लागलं. लहान आतड्याचं टोक पोटावर उजव्या बाजूला बाहेर काढून ठेवलं. याला इलिओस्टॉमी म्हणतात आणि त्या टोकाला स्टोमा. मळ तिथून बाहेर येतो आणि वर चिकटवलेल्या पिशवीत पडतो. गुदाशय मात्र आतच ठेवला, तो पुढच्या ऑपरेशनसाठी. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पाळीच्या संदर्भात ती पुन्हा येणार आहे.

ऑपरेशनच्या आधीचं वर्ष पाळीच्या दृष्टीनं आधीच विचित्र गेलं होतं. पुढून रक्त, मागून रक्त, कुठलं कुठलं हे दर वेळी बघावं लागायचं. मग वजन उतरत गेलं तशी पाळी लांबत गेली आणि एकदा गेली ती आलीच नाही. तेव्हा खरं सांगायचं तर बरंच वाटलं होतं. एका रक्ताचा तरी हिशेब कमी झाला.

आणि ती आली कधी, तर ऑपरेशननंतर आठवडाही झाला नसताना, वॉर्डात. नाकात नळी, लघवीला नळी, पोटाला उभे टाके, उजवीकडे पारदर्शक पिशवी. निकर घालायची सोय नव्हती, कारण इलॅस्टिक नेमकं टाक्यांवर येतं. आयाबाईंनी बाळंतिणीला लावतात तो जाड पॅड नुसता खाली सरकवून ठेवला. ‘‘एवढा ताण पडल्यावर येते कधी कधी अवेळी, भुलीनंतर बऱ्याच जणींना येते,’’ असं सिस्टर म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. त्यांच्यासाठी ती रोजची गोष्ट असणार. मला मात्र वाटलं, आत काहीतरी सुटलं.

त्याच दिवसांत आणखी एक गोंधळ झाला. संडासची वाट बंद केली असं मी समजून होते आणि तिथूनच बुळबुळीत, किंचित रक्ताळलेला स्राव आला. पाळीचं रक्त पॅडवर, हाही पॅडवर. राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावलं की गुदाशय आत शिल्लक आहे, त्याच्या आतल्या अस्तरातून चिकट स्राव होतच राहणार, आणि तिथला आजार अजून पूर्ण शांत नसल्यानं त्यात रक्त दिसेल. संडासला बसल्यासारखं बसून तो बाहेर जाऊ द्यायचा, फार कुंथायचं नाही. ज्यांचा गुदाशय ठेवलेला असतो अशा प्रत्येक बाईला हे आधी सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे. पाळीच्या दिवसांत दोन्ही एकत्र आलं की माणूस उगाच घाबरतं.

घरी आल्यावर मात्र सगळं सामसूम. एक महिना गेला, दुसरा गेला, तिसराही कोरडा. मी पिशवीत इतकी गुंतले होते की माझ्या ध्यानातही आलं नसतं. आलं ते सासूबाईंच्या. त्या एका सकाळी मागल्या दारी भांडी घासता घासता म्हणाल्या, ‘‘गो, तुका दिवस तर नाय गेले मां?’’ मला हसू आलं, पण त्यांचं चुकीचं नव्हतं. पिशवी लावली म्हणून गर्भ राहत नाही असं थोडंच आहे? मेडिकलमधून पट्टी आणून लघवी तपासली. एकच रेघ. मग स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले.

तिथली सोनोग्राफी सांगण्यासारखी आहे. लघवी रोखून पोट तुडुंब भरलेलं, त्यात पिशवीही भरत आलेली. तपासणाऱ्या मुलीनं स्टोमा पहिल्यांदाच बघितला असावा. तिनं बाटलीतून जेल पिळलं ते ओटीपोटभर, आणि ते ओघळत फ्लँजच्या कडेखाली गेलं. फ्लँज म्हणजे पिशवीची जी चकती कातडीला चिकटते ती. जेलवर काहीही चिकटत नाही. दहा मिनिटांत उजवी कड सुटली आणि आतलं बाहेर यायला लागलं. बिचारी इतकी कानकोंडी झाली की मलाच तिला धीर द्यावा लागला. तेव्हापासून सोनोग्राफीला जाताना मी पिशवी आधी रिकामी करते, बरोबर बदलायचा पूर्ण संच नेते आणि खाटेवर चढतानाच सांगते, ‘‘ताई, जेल डावीकडे आणि खाली, थोडंच.’’ चकतीच्या कडेला कोरडा रुमाल दुमडून धरला की काम भागतं.

गर्भाशय, अंडाशय व्यवस्थित होते. रक्ताच्या तपासण्या झाल्या, थायरॉइड बघितला, तो ठीक निघाला. हिमोग्लोबिन मात्र आठच्या आसपास होतं, बाईचं बारा तरी हवं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘वजन एवढं उतरलं, रक्त नाही, स्टिरॉइड आता कुठे कमी होतंय. अशा वेळी मेंदूच अंडाशयाला थांबायला सांगतो. वजन वाढू दे, आपोआप येईल.’’ पाळी आणायची गोळी त्यांनी दिली नाही. रक्तवाढीच्या गोळ्या मात्र आधी कुणीतरी दिल्या होत्या, त्या लेपाच्या, हळूहळू विरघळणाऱ्या. त्यातली एक मी पिशवीत जशीच्या तशी पाहिली. लाल, गुळगुळीत, नुकतीच पाकिटातून काढल्यासारखी. ही गोष्ट सिस्टरना फोनवर सांगितल्यावर त्या म्हणाल्या, लेपाच्या किंवा सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांचं असं होतं, तुमच्याकडे आता विरघळायला तेवढी लांबीच नाही. मग शिरेतून लोहाचं इंजेक्शन घेतलं. त्यानंतर चेहऱ्यावर रंग आला आणि जिना चढताना धाप लागायची ती थांबली.

पाळी आली ती मे महिन्यात. घरात आंब्याच्या पेट्या, अंगणात गवताचे ढीग, मुंबईहून नणंद आणि तिची मुलं आलेली. दोन-तीन दिवस आधीपासून पिशवीत येणारं दाट झालं होतं, नाचणीच्या आंबिलीसारखं, आणि कमीही. पोट फुगल्यासारखं. मी खूश, म्हणजे आतडं स्थिरावतंय. मग एका पहाटे पोटात कळ आली आणि पिशवी पाण्यानं भरली. रिकामी केली, तासाभरात पुन्हा भरली. दुपारपर्यंत पाळीही सुरू झाली आणि अंगावरून इतकं गेलं जितकं बाळंतपणानंतर गेलं नव्हतं. मी दोन्ही गोष्टींचा संबंध लावलाच नाही. सगळे म्हणत होते फणस बाधला. मी फणसाचा एक गरा नुसता चोखून टाकला होता, पण दोष त्यालाच गेला.

बाहेर ऊन, अंगाला घाम, वरून रक्त आणि पिशवीतून पाणी. तहान लागली म्हणून मी तांब्यावर तांब्या पाणी प्यायले. संध्याकाळी पोटऱ्यांत असे गोळे आले की नवऱ्याला पाय धरून ताणावे लागले. उठले तर घेरी. लघवी गडद पिवळी, तीही घोटभर. आरोग्य केंद्रात नेलं, सलाईन लावलं, दुसऱ्या बाटलीनंतर जीभ ओली झाली. तिथल्या डॉक्टरांनी अतिसार लिहिला.

अतिसार नव्हता तो. सिस्टरनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो हाच, ‘‘पाळी चालू आहे का?’’ मग त्यांनी जे समजावलं त्यावर माझा पुढचा सगळा हिशेब उभा आहे. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ सुटतात. गर्भाशय आवळून अस्तर बाहेर टाकायचं काम ते करतात, ओटीपोटात कळा येतात त्या त्यांच्यामुळेच. पण ते शेजारच्या आतड्यालाही आवळायला लावतात. म्हणून ज्यांना काहीच आजार नाही अशा बायकांनाही पाळीच्या पहिल्या दिवशी पातळ होतं. त्यांचं मोठं आतडं त्यातलं पाणी आणि मीठ बरंचसं परत ओढून घेतं. माझ्याकडे ते आतडं नाही, तेव्हा सगळं थेट पिशवीत. आणि आधीचं ते दाट होणं, फुगणं? पाळीआधीच्या पंधरवड्यात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढलेलं असतं, त्यानं आतडं मंदावतं. ते उतरलं की बांध सुटतो.

नुसतं पाणी ढोसल्यानं उलट जास्त का गेलं, हेही त्यांनीच सांगितलं. मीठ नसलेलं पाणी लहान आतड्यात गेलं की शरीरातलंच मीठ आत खेचलं जातं आणि दोन्ही मिळून बाहेर पडतात. त्यामुळे अशा दिवसांत साधं पाणी आवरतं घ्यायचं आणि ओआरएस घ्यायचं, एका पाकिटाला मोजून एक लिटर पाणी, घोट घोट. घरी करायचं तर लिटरभर पाण्याला साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा. आमच्याकडे सगळे शहाळ्याचं पाणी पाजायला धावतात. त्यात पोटॅशियम भरपूर असलं तरी मीठ कमीच असतं, म्हणून मी त्यात चिमूटभर घालते. उकड्या तांदळाची पेज मीठ टाकून, सोबत मिठातल्या कैरीचा खार, हे माझं पाळीच्या पहिल्या दोन दिवसांचं जेवण. कोकमाच्या आगळात मीठ असतंच. सोलकढी चालते, कारण नारळाचं दूध गाळलेलं असतं. पण खवलेलं ओलं खोबरं वरून भुरभुरवलेली उसळ नाही. खोबऱ्याचा चोथा पचत नाही, गोळा होऊन स्टोमाच्या तोंडाशी अडकू शकतो. कोकणात राहून खोबरं टाळायचं म्हणजे काय ते कोकणातल्यालाच कळेल. बारीक वाटलेलं वाटण मात्र मला सोसतं, मासेही सोसतात, आणि वेलची केळ्यानं पातळपणा थोडा आवळतो.

त्यानंतर मी नोंदी ठेवायला लागले. वेगळी डायरी नाही, गिऱ्हाइकांच्या मापांची जी वही आहे तिच्याच मागच्या पानांवर. दिवस, पिशवी किती वेळा रिकामी केली, दाट की पातळ, पाळीचा कितवा दिवस. तीन-चार पाळ्या नोंदल्यावर माझं चक्र मलाच दिसायला लागलं. पहिल्या काही पाळ्या अनियमित होत्या, एक महिन्याच्या आत आली, एक दीड महिन्यानं. वजन भरत आलं आणि स्टिरॉइड पूर्ण बंद झालं तशी ती मार्गावर आली. पण पिशवीचा क्रम पहिल्यापासून पक्का. आधी दाट आणि कमी, मग एकदम पाणी, मग तिसऱ्या दिवसापासून नेहमीसारखं. हल्ली पाळी येणार हे मला पिशवीवरून कळतं, कॅलेंडर बघावं लागत नाही.

त्यात स्टोमाचं मापही बदलतं. ऑपरेशननंतर पहिले सहा ते आठ आठवडे तो आक्रसत जातो, हे सगळ्यांनाच सांगतात. पण माझा पाळीच्या आधी किंचित फुगतो. हे मला कळलं ते माप घ्यायच्या सवयीमुळे. चकतीला मधे भोक कापावं लागतं, स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं. लहान झालं तर कड स्टोमाला कापते, मोठं झालं तर उघड्या कातडीला आतलं लागून ती भाजल्यासारखी लाल होते. डब्यात गोल भोकांचं एक माप-कार्ड येतं, ते लावून मी पेन्सिलीनं आखते आणि ब्लाउजच्या बाहीची गोलाई कापायच्या छोट्या कात्रीनं, कात्री न फिरवता चकती फिरवत कापते. कापल्यावर कडेवरून बोट फिरवून खरखर घालवायची. नेहमीच्या कागदी नमुन्यानं कापलेली चकती पाळीआधी लावली तर घट्ट बसते आणि पुसताना स्टोमावर रक्ताचा ठिपका दिसतो. ठिपक्याला घाबरायचं कारण नाही, तिथली त्वचा गालाच्या आतल्या बाजूसारखी नाजूक असते. आतूनच रक्त आलं तर मात्र लगेच दाखवायचं. मी आता कागदाचे दोन नमुने ठेवलेत, एकावर ‘पाळी’ लिहिलंय.

दुखण्यावरच्या गोळीचं सांगायलाच हवं. पोटात दुखलं की ती एक प्रसिद्ध जोडगोळी घ्यायची ही पद्धत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की मुली दप्तरात घेऊन फिरतात. तिच्यातलं मेफेनॅमिक ॲसिड आतड्याचा दाह असलेल्यांसाठी बरं नाही, त्यानं आजार उसळू शकतो. माझा गुदाशय अजून आत आहे, म्हणजे आजाराला घर आहेच. मला पॅरासिटामॉल सांगितलं, तेवढ्यावर भागतं. शेकायचं तर कमरेला मागून. पुढून गरम पाण्याची पिशवी ठेवली तर चकतीचा डिंक सैल होतो, आणि स्टोमाला भाजलेलं कळतच नाही. तिथे वेदना कळणाऱ्या नसाच नाहीत.

कपड्यांवर माझं दुकान चालतं, त्यामुळे हा भाग माझ्या हातातला. बाजारची निकर घातली की इलॅस्टिक एक तर स्टोमावर येतं किंवा पिशवीच्या मध्यावर. मध्यावर आलं की पातळ पदार्थ खाली उतरत नाही, वरच साठतो आणि चकतीखाली शिरतो. एरवी मी सैल निकरवर वेळ मारून नेली असती, पण पॅडला सैल चालत नाही. पॅड जागेवर राहायचा तर कपडा अंगाला लागून हवा. भरलेली पिशवी निकरमध्ये लोंबली की तिचं खालचं टोक थेट पॅडवर टेकतं, घासतं, आणि पिशवीचं तोंड बंद करायच्या चिमट्याची कड मांडीच्या सांध्यात रुतते.

मग मी बनियनच्या कापडाची, पोटावर उंच जाणारी निकर बेतली. वरचा पट्टा इलॅस्टिकचा नाही, त्याच कापडाचा चार बोटं रुंद, स्टोमाच्या वर येणारा. आतून उजवीकडे दुसरा कपडा लावून खिसा केला, त्याला चकतीच्या जागी अंडाकृती भोक. पिशवी त्या खिशात बसते, तिचा भार पट्ट्यावर जातो, खिशाचा तळ मांडीच्या शिवणीच्या दोन बोटं वर थांबतो. खाली पॅडची जागा मोकळी. पिशवी रिकामी करायला खिशाला बाजूनं उघडं तोंड ठेवलं. पहिल्या नमुन्यात शिवणीची कड आतल्या बाजूला ठेवली होती, ती कातडीला लागायची, मग उलटी बाहेर घेतली. परकराला नाडीऐवजी रुंद पट्टा आणि डाव्या बाजूला हूक. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तेव्हा जोड्या जास्त शिवाव्या लागतात एवढंच. आता या निकरा मी पोस्टानं पाठवते. माप मागताना बायका नाव सांगायला लाजतात, स्टोमा नाभीपासून किती बोटांवर आहे ते मात्र अचूक सांगतात.

त्यातलीच एक मालवणची ताई. तिची कोलोस्टॉमी, म्हणजे मोठ्या आतड्याचं टोक बाहेर काढलेलं, डाव्या बाजूला, गुदाशयाच्या कॅन्सरनंतर. मी तिला फोनवर मोठ्या उत्साहानं माझं दाट-पातळाचं गणित सांगायला लागले तर ती शांतपणे म्हणाली, ‘‘माका येतच नाय आता.’’ तिला ओटीपोटावर किरणोपचार दिले होते. त्यात अंडाशयं सापडली की पाळी जाते आणि बहुतेकींची परत येत नाही. चाळिशीही न गाठता तिला अंगातून वाफा, रात्रीचा घाम सुरू झाला. उपचारांच्या आधी याबद्दल बोलणं झालं असतं तर मनाची तयारी तरी झाली असती, एवढंच तिचं म्हणणं. तिच्यामुळे माझ्या लक्षात आलं की ‘पिशवीनंतर पाळीचं काय होतं’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. पिशवी कशासाठी लागली, काय काढलं, काय ठेवलं, सोबत कुठले उपचार झाले, यावर ते ठरतं.

गणपतीत खरी परीक्षा झाली. आमच्याकडे श्रावण सरत आला की बायका बोटांवर दिवस मोजायला लागतात आणि मग मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या येतात. माझी तारीख गौरींवरच पडत होती, आणि धाकट्या जावेचा पहिला ओवसा होता, म्हणजे नव्या सुनेनं सुपं भरून गौरीपुढे ओवसायचं. नणंदेनं पट्टीच आणून ठेवली माझ्यासाठी. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्यांनी स्पष्ट नको सांगितलं. एक तर पिशवी पातळ वाहत असेल त्या दिवशी गोळी अंगी किती लागली याचा भरवसा नाही. दुसरं, आतड्याचा दाह असलेल्या माणसात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मुळात जास्त असतो, आणि या नोरेथिस्टेरॉनच्या मोठ्या मात्रेतला काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यानं तो वाढू शकतो. सणासाठी हे करायचं नाही.

घरात हे सांगायचं कसं, हा प्रश्न मला वाटला तितका अवघड निघाला नाही. पिशवी घेऊन देवापुढे जायचं की नाही यावर आधीच एकदा खल झाला होता आणि तेव्हा सासूबाईंनीच तोंडं बंद केली होती. ‘‘घाण सगळ्यांच्याच पोटात आसता. हिची भायर दिसता इतक्याच.’’ पाळीला मात्र त्यांनी ही सवलत दिली नाही. गोळी नको म्हणताच थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘‘रवांदे. इली तर इली.’’ मला त्यांचा हा दुटप्पीपणा पटत नाही, पण त्या दिवसांत मी वादाला उभी राहिले नाही. वीस माणसं आणि एक संडास, माझ्यापुढे त्याहून मोठा प्रश्न होता.

चतुर्थीनंतर पिशवी दाटली. मी जावेला सांगून ठेवलं की परवापर्यंत येईल, माझ्याकडची कामं आत्ताच करून घे. सारण, पिठी, पानांची तयारी मी आधी उरकली. आणि गौरी आल्या त्या दिवशी पहाटे पिशवीत पाणी. या वेळी मात्र ओआरएस उशाशी होतं, आगळ काढून ठेवलेलं होतं, आणि नवऱ्यानं घरामागच्या न्हाणीघरात माझ्यासाठी झाकणाची बादली, साबण आणि कागद वेगळे मांडून दिले होते, त्यामुळे संडासाच्या रांगेत उभं राहावं लागलं नाही. पोटऱ्यांत गोळे आले नाहीत. पडवीत बसून मी ओवशाची सुपं नुसती बघितली. जाऊ लाल साडीत आली, तिचा ब्लाउज मीच शिवलेला. पाठ जरा उंच बसली होती, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

आता दोन गोष्टी उरल्यात. पहिली, गर्भ राहू नये म्हणून काय करायचं. रोजची गोळी बरीचशी वरच्या आतड्यात शोषली जाते, म्हणजे एरवी चालेलही, पण माझे पाण्याचे दिवस बघता आणि गुठळ्यांचं कारण धरता डॉक्टरीणबाई तिच्या बाजूनं नाहीत. साध्या तांबीनं रक्तस्राव वाढतो, तो मला परवडणारा नाही. हार्मोनवाली तांबी त्या सुचवतात, ती गर्भाशयातच काम करते, पोटातून जात नाही आणि पाळीचं रक्तही कमी होतं. महाग आहे, पण इंजेक्शनं आणि सलाईन काय फुकट येतं?

दुसरी गोष्ट पुढचं ऑपरेशन. लहान आतड्याचीच आत थैली करून पोटावरची पिशवी काढता येते. पण त्यासाठी ओटीपोटात खोल जावं लागतं, तिथे नंतर चिकटे तयार होतात, गर्भनलिकांनाही, आणि गर्भ राहणं अवघड होतं. दुसरं मूल हवं असेल तर आधी, म्हणजे पिशवी असतानाच, असं सर्जन म्हणाले. स्त्रीरोगवाल्या म्हणाल्या, आधी वजन आणखी वाढू दे, घाई नको. एकाकडे गेलं की दुसऱ्याला विचारा म्हणतात. नवरा म्हणतो एक मुलगी पुरे, मी अजून ठरवलेलं नाही. तांबी बसवायची की नाही तेही त्यावरच अडलंय. म्हणून या खेपेला दोघांचीही वेळ एकाच दिवशी मागून घेतली आहे, मापांची वही सोबत नेणार आहे. दोघं एकाच इमारतीत बसतात, तेव्हा एकानं दुसऱ्याकडे धाडलं तरी जिना चढून पुन्हा त्याच दिवशी समोर उभं राहता येईल.